हाडातला सूर

काम तसं किरकोळ होतं. बेस गिटारच्या तारा बदलायच्या, एक सैल स्क्रू आवळायचा आणि जमलं तर एखादा सल्ला फुकटात पदरात पाडून घ्यायचा. धाकटा ते लांबलचक काळं खोकं पाठीवर घेऊन मिस्त्रीच्या दुकानात शिरला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. पुढे जे घडलं त्यातलं काहीही रात्री घडलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भुताखेतांना अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुपारी दोन वाजता पडदे ओढलेल्या घरात एकदा एकटं बसून पाहावं.

धाकटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण चाळिशी उलटली तरी बँडमध्ये त्याला सगळे धाकटाच म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ, म्हणजे सगळ्यांचाच दादा, त्याच बँडमध्ये बावीस वर्षं बेस वाजवत होता. गेल्या वर्षी दादा गेला. त्याचा बेस धाकट्याकडे आला, त्याची बँडमधली जागाही आली. नाव तेवढं धाकटाच राहिलं. जिवंत माणसाचा एखादा दिवस तरी वाईट जातो, मेलेल्याचा एकही जात नाही. मग त्याच्याशी बरोबरी करायची तरी कशी?

"टोन पातळ लागतोय," तो मिस्त्रीला म्हणाला. "वाद्य तेच, तारा त्याच. दादाच्या हातात भरून यायचा, माझ्या हातात नुसता टकटक वाजतो. कप्तान काल सगळ्यांसमोर म्हणाला, तू वाजवतोस की माफी मागतोस?"

कप्तान म्हणजे बँडचा म्होरक्या. तीन आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचं पहिलं रेकॉर्डिंग होतं, आणि तोवर सुधारणा दिसली नाही तर बेसला बाहेरचा माणूस बोलवू, असंही तो बोलून गेला होता.

मिस्त्रीने वाद्य मांडीवर आडवं घेतलं. "घरी रियाज कसा करतोस?"

"बायको नर्स आहे. रात्रपाळी चालू आहे सध्या. सकाळी आठला येते, चार वाजेपर्यंत झोपते. मी पलीकडच्या खोलीत असतो. तिची झोपमोड नको म्हणून आपला हळूच... बोटांच्या टोकांनी..."

"तिथंच मेलास," मिस्त्री म्हणाला. "अरे, आवाज लहान करायचा असतो, हात लहान करायचा नसतो. घरी भीत भीत वाजवशील तर बोटांना भ्यायचीच सवय लागेल. मग स्टेजवर ती कुठून शूर होणार?"

त्याने स्पंजची एक पट्टी कापली आणि तारा जिथं लाकडावर घट्ट बसवलेल्या असतात तिथं, त्यांच्याखाली सारून दिली. आता सूर लागला की लगेच मुका होत होता, पण जेवढा लागत होता तेवढा गोल आणि भरीव. "ॲम्पचं तोंड बंद. हेडफोन लाव. हात मात्र स्टेजवर पडतो तसाच पडू दे. घरही शांत राहील आणि टोनही कुठं जाणार नाही."

मग त्याने बेसच्या वरच्या शिंगावर, खांद्याकडे निघालेल्या लाकडी टोकावर, अंगठा फिरवला. तिथलं पॉलिश पार उडालं होतं. अंगठ्याएवढ्या जागेत उघडं लाकूड दिसत होतं, गुळगुळीत.

"हे काय आहे ठाऊक आहे?"

"दादाचा हात लागून झालं असेल."

"हात नव्हे, जबडा. डावा जबडा टेकवून बसायचा तो इथं. ना ॲम्प, ना हेडफोन. लाकूड हाडाला लागलं की सगळा टोन थेट डोक्यात. शेजारी बसलेल्याला सुद्धा पत्ता लागत नाही."

धाकट्याच्या डोळ्यांसमोर लहानपणीची खोली उभी राहिली. वडील कागदाच्या गिरणीत रात्रीचे पहारेकरी. दिवसा ते झोपत, तेव्हा घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. दादा खिडकीखाली बसून बेसवर मान वाकडी करून तासन् तास डोळे मिटून असायचा आणि धाकट्याला वाटायचं, हा नुसता बसतो, वाजवत तर काहीच नाही. एकदा त्याने विचारलंही होतं. दादा हसून म्हणाला होता, "आहे आहे, चालू आहे." पण कान लाव, असं काही तो कधी म्हणाला नाही. एवढी मोठी मैफल त्याने एकट्याने खाल्ली, आणि मी चार हातांवर बसून माशा मारत होतो, या विचाराने धाकट्याला तीस वर्षांनी दुकानात उभ्याउभ्या वाईट वाटलं.

त्या दुपारी त्याने मिस्त्रीचं तंतोतंत ऐकलं. स्पंज, हेडफोन, हात पूर्ण. पलीकडच्या खोलीत बायको झोपली होती. तिची झोपायची तयारी पाहण्यासारखी असे. काळा जाड पडदा, डोळ्यांवर पट्टी, कानात मेणाचे बोळे. दारावरची बेल तिला ऐकू येत नसे, मग हेडफोनमधला बेस कुठून येणार?

चार वाजता ती उठली, केस बांधत बाहेर आली आणि दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

"काय रे, आज किती छान वाजवलंस."

धाकट्याने हेडफोन काढले. "तुला... ऐकू आलं?"

"बोळे होते कानात. पण येत होतं. झोपेतच. आणि ते भावजींचं उतरणं... जमलं की तुला शेवटी."

दादाचं उतरणं बँडमध्ये प्रसिद्ध होतं. वरून खाली चार सूर, त्यातल्या तिसऱ्यावर जरासा थांबा, आणि मग शेवटच्या जाड तारेवर सगळा भार. ते वरकरणी सोपं होतं आणि वर्षभर घासूनही धाकट्याला जमलं नव्हतं. त्या दुपारी तर त्याने ते वाजवलंच नव्हतं. नव्या स्पंजवर नुसते सरळ सूर घोटले होते.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण बायकोने त्याच्याकडे असं कौतुकाने शेवटचं कधी बघितलं होतं, हे त्याला आठवेना.

"हो," तो म्हणाला. "जमलं आज."

इथंच तो फसला. दुसऱ्याचं श्रेय स्वतःच्या खिशात घातलं की ते परत काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने खात्री करून घ्यायचं ठरवलं. दुपारी दोनला, बायको गाढ झोपेत असताना, त्याने बेस खोक्यात ठेवला, खोक्याला कडी लावली आणि तो बाहेर पडला. दोन तास काढायचे म्हणून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसला. न्हावी पिढीजात बोलका. वस्तरा चालवता चालवता म्हणाला, "तुमची दाढी दाट. थोरल्यांची पण दाटच होती. फक्त डाव्या जबड्यावर अंगठ्याएवढ्या जागेत केस यायचेच नाहीत. मी म्हणायचो, दादा, तेवढे पैसे कमी घेतो. वाद्य टेकवून टेकवून झालं होतं म्हणे."

इथंही दादा. दाढी करायला बसलं तरी दादा. 

चारला तो घरी पोहोचला. बायको नुकतीच उठली होती. चेहरा टवटवीत, गालावर उशीची रेघ.

"कालच्यापेक्षाही छान," ती म्हणाली. "एवढी गाढ झोप मला... त्यानंतर पहिल्यांदाच लागली."

"कशानंतर?"

ती तोंड धुवायला गेली.

घाबरायला हवं होतं, नाही का? रिकाम्या खोलीत, बंद खोक्यात काहीतरी वाजतंय. दुसरा कोणी असता तर दार उघडं टाकून पळाला असता. धाकट्याच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. भूत असेल तर असो, पण माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझ्यापेक्षा चांगलं वाजवून दाखवतं म्हणजे काय? जिवंतपणी सगळं घेतलं, वडिलांची शाबासकी घेतली, बँड घेतला, आता मेल्यावर माझ्या दुपारीही हव्यात?

आणि "त्यानंतर" म्हणजे कशानंतर, हे त्याला न सांगताच कळलं होतं. दादा शेवटचे अकरा आठवडे तिच्याच वॉर्डात होता. धाकटा संध्याकाळी दादाच्या जागी बँडच्या कार्यक्रमांत अडकलेला असे, सकाळी तासभर जाऊन येई. रात्री दादाजवळ ती असायची. दादाला तेव्हा बेस उचलवत नव्हता. तो पलंगाच्या लोखंडी कठड्यावर दोन बोटांनी वाजवायचा. पहाटे काम आवरलं की मी कठड्याला डोकं टेकून पाच मिनिटं डोळे मिटते, असं तिनेच एकदा सहज सांगितलं होतं. तेव्हा धाकट्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. ते नुसतं डोकं टेकणं नव्हतं. ती ऐकत होती. जे दादाने सख्ख्या भावाला तीस वर्षांत ऐकवलं नाही, ते तिला अकरा आठवडे रोज ऐकवलं होतं.

तिसऱ्या दुपारी तो बेस घेऊन बसला. वायर लावली नाही, हेडफोन लावले नाहीत. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक बारीक पट्टी फरशीवर पडली होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली, मग तेही थांबलं. जुन्या पॉलिशचा आणि कुठूनतरी हॉस्पिटलच्या स्पिरिटचा वास आला. बायकोच्या कपड्यांचा असेल, त्याने मनाशी म्हटलं. डावा तळवा त्याने चारही तारांवर सपाट दाबून धरला, म्हणजे एकही तार हलायला नको. मग मान वाकडी केली आणि जबडा त्या उघड्या लाकडावर टेकवला.

लाकूड गार असायला हवं होतं. ते कोमट होतं, आत्ताच कोणी जबडा उचलल्यासारखं.

आणि टोन आला.

कानातून नाही. दातांच्या मुळांतून, कानशिलातून, मानेच्या मणक्यांतून. गोल, जाड, घाई नसलेला. तळव्याखाली तारा निपचित पडून होत्या आणि त्याच्या डोक्यात दादा उतरत होता. पहिला सूर. दुसरा. तिसऱ्यावर थांबा... आणि त्या थांब्यात धाकट्याचा श्वासही थांबला... आणि मग चौथा, सगळा भार टाकून.

त्याचे डोळे भरून आले. इतकं सुंदर त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. आणि इतका मत्सर आयुष्यात कुणाचा वाटला नव्हता.

दोन आठवडे तो रोज तसाच बसला. तळवा उचलून त्या सुरांवर बोटं टाकत गेला. कुठे घाई होते, कुठे बोट अर्धवट पडतं, सगळं कळत गेलं. मेल्यावर का होईना, दादा त्याला शिकवतच होता म्हणा ना. रियाजाला बँडमध्ये गेला तेव्हा पहिल्याच गाण्यात ड्रमवाल्याने मान वर करून बघितलं. शेवटी कप्तानाने येऊन त्याचे खांदे धरले. कप्तानाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दादा," तो म्हणाला. "अगदी दादा. डोळे मिटले तर फरक कळत नाही. रेकॉर्डिंग तूच करायचंस."

जी जागा मिळवायला एवढा खटाटोप केला ती मिळाली, आणि धाकट्याच्या तोंडाची चव गेली. वाईट वाजवलं तर "दादासारखं नाही," चांगलं वाजवलं तर "दादाच." यात तो स्वतः होता कुठे?

घरी आला तर बायको कामावर जायच्या तयारीत होती. त्याने तिला कप्तानाचं बोलणं सांगितलं. ती खूश झाली, बुटाची लेस बांधता बांधता थांबली आणि म्हणाली, "खरंच रे. तू दुपारी वाजवतोस ना, तेव्हा मला वॉर्डातल्या त्या रात्री आठवतात."

"दुःख होत असेल मग."

"नाही," ती म्हणाली. "दुःख नाही होत."

एवढंच. पण ते "नाही" इतकं मऊ होतं की धाकट्याला रात्रभर झोप लागली नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी बायको झोपल्यावर त्याने बेस खोक्यात घातला आणि सरळ मिस्त्रीचं दुकान गाठलं. "ठेवून घे. विक, मोडून टाक, काय वाटेल ते कर. परत मागायला आलो तरी देऊ नकोस."

"अरे, आज तर रेकॉर्डिंग ना तुझं?"

"दुसरा कोणी वाजवेल."

"तुला झालंय तरी काय?" मिस्त्रीने खोकं उघडलं, शिंगावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "हे पॉलिश तू केलंस?"

धाकट्याने वाकून पाहिलं. ती उघडी जागा नव्हती. शिंग टोकापर्यंत काळंभोर चकाकत होतं. काल दुपारी ती जागा होती, त्याने स्वतः जबडा टेकवला होता. तो दुकानाबाहेर पडला.

फोन खिशात थरथरत होता, कप्तानाचा असणार. त्याने तो बंद केला. रस्त्याने भटकता भटकता एक वाजून गेला होता. जागा गेली, बँड गेला, पण छाती हलकी झाली होती. आता घरात तो आणि बायको, दोघंच. वाजवता येणार नाही, तर निदान शेजारी जाऊन झोपता तरी येईल.

त्याने आवाज न करता दार उघडलं. घर निवांत होतं. झोपायच्या खोलीत पडद्यामुळे संध्याकाळ असल्यासारखा अंधार होता. बायको कुशीवर झोपली होती, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, चेहऱ्यावर हसू. तिचा उजवा हात पांघरुणाबाहेर होता. दोन बोटं पलंगाच्या कडेवर हळूहळू चालत होती. आधी एक, मग दुसरं, मग पहिलं. थांबा. मग दुसरं.

धाकटा पलंगाजवळ गुडघ्यांवर बसला. तिला हलवून जागं करावं, असं एकदा मनात आलं. त्याऐवजी तो खाली वाकला आणि आपला डावा जबडा त्याने अलगद तिच्या खांद्याच्या हाडावर टेकवला.

तिथं दादा वाजवत होता.

बेसच्या लाकडात होता त्यापेक्षा दसपट भरून, दसपट जवळ. आणि त्याच्या वर, त्या जाड सुरांवर हात ठेवल्यासारखी, एक बायकी गुणगुण. धाकट्याने दचकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. गळा हलत नव्हता. लग्नाला चौदा वर्षं झाली, ती कधी गुणगुणलेली त्याने ऐकली नव्हती. आवाज बरा नाही माझा, असं म्हणायची. आवाज फार सुंदर होता.

तो तसाच ऐकत राहिला. मग तिसऱ्या सुरावर थांबा आला... आणि चौथा सूर आलाच नाही.

बोटं कडेवर थबकली. गुणगुण थांबली. दारात कुणी येऊन उभं राहिलं की खोलीतलं बोलणं थांबतं, तसं सगळं थांबलं.

बायकोचे ओठ हलले. डोळ्यांवरची पट्टी तशीच होती.

"थांबलात का, भावजी?" ती झोपेतच, अगदी हळू म्हणाली. "तो आलाय म्हणून?... असू दे. तो काही बोलायचा नाही. तुम्ही वाजवा."

आणि चौथा सूर आला.

धाकटा ओरडला नाही. तिला हलवलं नाही, की उठूनही गेला नाही. हे कुणाला पटणार नाही, पण कारण अगदी साधं होतं. टोन फार चांगला होता. तो चार वाजेपर्यंत गुडघ्यांवर तसाच बसून राहिला.

बँडमध्ये आता दुसरा माणूस वाजवतो. महिनाअखेरीस बायकोची रात्रपाळी संपायची होती. तिने मेट्रनकडे अर्ज केला की मला कायमची रात्रपाळीच द्या, आणि तो मंजूरही झाला. धाकट्याने का म्हणून विचारलं नाही. दुपारी तो कुठे जात नाही. कोणी भेटायला बोलावलं तर सांगतो, बायको झोपलेली असते, घरी थांबावं लागतं.

परवा तो न्हाव्याकडे गेला होता. फेस लावून झाला, वस्तरा उजव्या गालावरून सरसर उतरला, हनुवटी झाली आणि डाव्या जबड्यावर येऊन न्हाव्याचा हात थांबला. त्याने फेस बोटाने पुसला, खुर्ची उजेडाकडे वळवली आणि नीट निरखून पाहिलं.

"कमाल आहे," तो म्हणाला. "थोरल्यांचं होतं तसंच झालंय. तीच जागा, अंगठ्याएवढी." मग वस्तरा पुसता पुसता त्याने सहज विचारलं, "पण तुम्ही तर वाजवणं सोडलंत म्हणे?"